कढीपत्त्याच्या एका झाडावरची द्विरूपता

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगी अकरावीला आहे. ‘डायमॉर्फिझम’ हा शब्द तिला पहिल्यांदा झुरळाच्या धड्यात भेटला. तिथे त्याचा अर्थ निघाला, नर आणि मादी वेगळे दिसणं. मग सरावाच्या प्रश्नसंचात एका बुरशीला ‘डायमॉर्फिक’ म्हटलेलं आढळलं. बुरशीत कुठले आलेत झुरळासारखे नर-मादी, म्हणून ती अडली. क्लासमध्ये विचारलं तर ‘ते वेगळं, सोडून दे’ असं उत्तर मिळालं. या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो घोकंपट्टी न करता कसा समजेल, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी हे सांगतो की ती अगदी योग्य जागी अडली आहे. मी एका तालुक्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. या शब्दापाशी अडणारी मुलं फार थोडी भेटली. बहुतेक जण ‘डायमॉर्फिझम म्हणजे नर-मादीतला फरक’ असं वहीत लिहून मोकळे व्हायचे आणि पुढे बीएस्सीला गेल्यावर बुरशी, फुलपाखरं, नेचे सगळीकडे तोच शब्द दिसला की गोंधळायचे.

शब्दाची फोड सोपी आहे. ग्रीक भाषेत ‘डाय’ म्हणजे दोन आणि ‘मॉर्फे’ म्हणजे रूप. मराठीत द्विरूपता. एकाच जातीच्या जीवांमध्ये दोन ठळक, वेगवेगळी रूपं आढळणं, एवढाच त्याचा अर्थ. ती दोन रूपं कशामुळे झाली याबद्दल हा शब्द काहीही सांगत नाही. नर-मादीमुळे झाली असतील तर पुढे ‘लैंगिक’ हे विशेषण लावायचं, ऋतूमुळे झाली असतील तर ‘ऋतुजन्य’. झुरळाच्या धड्यात ते ‘लैंगिक’ विशेषण छापलेलं असतंच, पण वाचताना डोळा त्यावरून घसरतो. तुमच्या मुलीची अडचण त्या एका विशेषणाची आहे.

आता थोडं मागे जातो, कारण या शब्दाची सगळ्यात चांगली व्याख्या मला पाठ्यपुस्तकात मिळाली नाही. ती १८६५ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने केली आहे. हा गृहस्थ आठ वर्षं मलाया-इंडोनेशियाच्या बेटांवर फिरून आला होता, आणि तिथल्या पॅपिलिओनिड कुळातल्या फुलपाखरांवर लिहिताना त्याला एका विचित्र गोष्टीचा उलगडा करावा लागला. एकाच जातीच्या माद्या दोन-तीन तऱ्हेच्या दिसत होत्या. त्याने द्विरूपता आणि बहुरूपता यांसाठी ज्या अटी घातल्या, त्या मी माझ्या शब्दांत सांगतो. ही रूपं एकाच ठिकाणी, एकाच वेळी नांदत असली पाहिजेत. त्यांच्या अधलीमधली रूपं नसावीत. आणि ती सगळी एकाच आईबापाच्या पोटी जन्मू शकली पाहिजेत.

या तीन अटी मुलीला लिहून द्या. पुढचा सगळा गोंधळ त्यांच्यावर घासून बघता येतो. काही उदाहरणं त्यात चपखल बसतात, काही अर्धवट बसतात, आणि जिथे अर्धवट बसतात तिथेच खरं शिकायला मिळतं.

वॉलेसला ज्या फुलपाखरांनी बुचकळ्यात टाकलं त्यातलं एक तुमच्या घरामागेही असणार. त्याचं नाव कॉमन मॉर्मन. कढीपत्ता, लिंबू, बेल यांपैकी काहीही परसात असलं की ते येतंच. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग. मादी मात्र तीन प्रकारची. एक नरासारखीच दिसणारी. दुसरीच्या मागच्या पंखावर मधोमध पांढरा डाग आणि कडेला लाल खुणा, म्हणजे हुबेहूब कॉमन रोझ हे दुसरं फुलपाखरू. तिसरीच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्यांवर लाल ठिपके, म्हणजे क्रिमसन रोझ या फुलपाखराची नक्कल. हे दोन्ही रोझ अळीच्या वयात सापसंदाच्या कुळातल्या वेलींची पानं खातात. त्या पानांतलं विष अंगात साठतं, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या अंगात असलं काही विष नाही, पण वेश मात्र विषारी शेजारणीचा घेतलेला आहे.

बाहेर ओळखायची खूण म्हणजे धड बघायचं. पंख कितीही फसवू देत, रोझचं धड लाल असतं आणि मॉर्मनचं काळं. मी ही खूण विद्यार्थ्यांना सांगायला लागलो त्याच्या आधीची पाच-सहा वर्षं माझ्या स्वतःच्या नोंदीत कॉमन रोझची संख्या जरा जास्तच आहे. त्यातल्या कितीतरी मॉर्मनच्या माद्या असणार.

इथे मुलीला विचारा की ही लैंगिक द्विरूपता आहे का. ती म्हणेल हो, नर-मादी वेगळे आहेत. मग विचारा, नरासारखी दिसणारी मादी आहे तिचं काय? म्हणजे फरक नर-मादीत आहे आणि माद्या-माद्यांतही आहे. रूपं दोनाहून जास्त झाली की द्विरूपता हा शब्द तोकडा पडतो आणि बहुरूपता म्हणावं लागतं, आणि ही बहुरूपता फक्त माद्यांपुरती आहे. एकाच जातीला दोन्ही शब्द लागू पडतात, त्यात काही विरोध नाही. परीक्षेच्या चौकटीत एकच पर्याय निवडायचा असतो म्हणून मुलांना वाटतं की निसर्गातही एकच लेबल असणार.

माद्यांमधला हा फरक ऋतूने किंवा खाण्याने होत नाही, तो जनुकातून येतो. २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं की ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक कॉमन मॉर्मनच्या मादीचा वेश ठरवतं. या कामात पुढे होते कृष्णमेघ कुंटे, म्हणजे आपलेच मराठी संशोधक, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले. गंमत अशी की डबलसेक्स हे मुळात कीटकांच्या शरीरात नर-मादीपण घडवणारं जनुक. त्याचीच एक वेगळी प्रत, ज्यात तो तुकडा गुणसूत्रावर उलटा बसलेला आहे, ती मादीला रोझचा वेश देते. नरासारखी दिसणारी मादी अप्रभावी प्रत दोन्ही पालकांकडून मिळाली तरच होते. मेंडेल शिकून झालेला असेल तर मुलीला हे लगेच उमगेल. नराच्या अंगात नकलेची प्रत असली तरी त्याच्या पंखांवर ती दिसत नाही, पण पुढच्या पिढीतल्या मुलींकडे ती जाते.

मग सगळ्याच माद्या नक्कल का करत नाहीत? नकली संख्येने फार वाढले की पक्ष्यांना लाल-पांढऱ्या वेशातलं चवदार खाणं वारंवार मिळू लागतं आणि त्या वेशाचा धाक उरत नाही. खोट्या नाण्यासारखं आहे हे, बाजारात थोडी असतील तोवरच चालतात.

आता त्याच झाडाशी थांबूया, कारण कढीपत्त्यावरची खरी मजा पुढे आहे.

कॉमन मॉर्मनची मादी कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालते. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. तीन-एक आठवड्यांत ती कोष करते. हा कोष कधी हिरवा असतो, कधी तपकिरी. एकाच मादीने एकाच दिवशी घातलेल्या अंड्यांमधून दोन्ही रंगांचे कोष होऊ शकतात. हिरव्या पानांत, हिरव्या देठावर बसली तर बहुधा हिरवा. वाळलेल्या खरखरीत काडीवर बसली तर बहुधा तपकिरी. हा रंग आईबापांनी ठरवलेला नाही. दोन्ही रंग करायची तयारी प्रत्येक अळीच्या अंगात आहे, बसायची जागा कौल देते.

म्हणजे कढीपत्त्याच्या एका झाडावर तुम्हाला तीन गोष्टी एकदम दिसतात. नर आणि मादीतला फरक. माद्या-माद्यांतला, जनुकाने ठरवलेला फरक. आणि कोषांतला, जागेने ठरवलेला फरक. तिन्हींत एका जातीची वेगवेगळी रूपं आहेत, पण कारण तिन्हींचं निराळं. मी शेवटची दहा वर्षं हा विषय फळ्यावर शिकवायचाच बंद केला होता. कॉलेजच्या मागे दोन कढीपत्ते होते, तिकडे वर्ग नेत असे. (एकदा एका सहकाऱ्याच्या घरून भाजीसाठी माणूस आला आणि प्रयोगाची अळ्यांसकट फांदीच तोडून घेऊन गेला. त्यानंतर झाडाला पाटी लावली.)

परिस्थितीने ठरणाऱ्या रूपांचं आपल्याकडचं सगळ्यात देखणं उदाहरण मात्र कॉमन इव्हिनिंग ब्राउन हे फुलपाखरू. संध्याकाळी दिव्याच्या आसपास घरातसुद्धा शिरतं. याची अळी गवतावर आणि भातावर जगते. पावसाळ्यात पाहिलं तर पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारख्या गोल खुणांची रांग स्पष्ट दिसते. दिवाळीनंतर पाहिलं तर त्या खुणा जवळजवळ पुसलेल्या, पंखांची टोकं जास्त कोनदार, आणि एकूण रूप वाळक्या पानाचं. हिरव्यागार पावसाळ्यात फुलपाखरू हलतं-फिरतं असतं, तेव्हा पंखाच्या कडेवरचे खोटे डोळे पक्ष्याची चोच धडापासून दूर खेचतात आणि पंखाचा तुकडा गमावून जीव वाचतो. उन्हाळ्यात वाळक्या पाचोळ्यात गप्प बसून राहायचं असतं, तेव्हा डोळे दाखवणं म्हणजे आपणच पत्ता सांगणं.

माझ्या १९८६च्या वहीत या फुलपाखराची दोन नावं आहेत. जुलैतलं एक आणि डिसेंबरातलं दुसरं, आणि दुसऱ्यापुढे मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘तालुक्यातली पहिली नोंद’ असं लिहिलं आहे. मी एकटाच फसलो असतो तर लाज वाटली असती. पण खुद्द लिनियसने, ज्याने प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची शिस्त लावली त्याने, १७५८ साली हेच केलं. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या पीकॉक पॅन्सी या फुलपाखराच्या कोरड्या ऋतूतल्या रूपाला त्याने ‘अल्माना’ म्हटलं आणि पावसाळी रूपाला ‘अ‍ॅस्टेरी’. युरोपातल्या मॅप नावाच्या फुलपाखराचंही तसंच. वसंतातलं नारिंगी रूप ‘लेव्हाना’ आणि उन्हाळ्यातलं काळं रूप ‘प्रॉर्सा’, अशा दोन जाती त्याने केल्या. त्या दोन रूपांत दिवस लहान की मोठा एवढाच निर्णायक फरक आहे. अळीच्या वयात दिवस मोठा मिळाला तर काळं रूप, लहान मिळाला तर नारिंगी.

हा घोळ आपल्या देशात कसा सुटला तेही सांगण्यासारखं आहे. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमशी संबंधित लायोनेल द निसेव्हिल या संशोधकाने १८८०च्या दशकात तिथल्या ब्राउन कुळातल्या फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढवल्या. एका ऋतूतल्या मादीच्या अंड्यांतून दुसऱ्या ऋतूचं रूप बाहेर पडताना पाहिलं, आणि ज्या जाती दोन मानल्या जात होत्या त्या एकच असल्याचं दाखवून दिलं. वॉलेसची तिसरी अट, एकाच आईबापाच्या पोटी, ती अशी तपासतात. टाचणीला लावलेले नमुने पाहून हा निवाडा होत नाही, त्यासाठी अळ्या वाढवाव्या लागतात.

पण पहिल्या दोन अटींचं काय? ऋतुजन्य रूपं एकाच वेळी नांदत नाहीत, एक जातं तेव्हा दुसरं येतं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला पाहिलंत तर अधलीमधली रूपंही दिसतात, अर्धवट पुसलेल्या डोळ्यांची. कडक नियम लावला तर ही द्विरूपता नव्हेच! तरी शास्त्रज्ञ तिला ऋतुजन्य द्विरूपता म्हणत आले. जनुकांपेक्षा परिस्थितीवर ठरणाऱ्या अशा रूपांसाठी आता ‘पॉलिफेनिझम’ हा वेगळा शब्द वापरतात. मुलीला अकरावीत त्याची गरज नाही, पण कानावर असू दे.

आता लैंगिक द्विरूपतेकडे वळतो. तिच्यासाठी आपल्याला परदेशी उदाहरणं लागतच नाहीत, कारण मराठी भाषेने हे काम आधीच करून ठेवलं आहे. मोर आणि लांडोर. चिमणा आणि चिमणी. चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग, चिमणी साधी मातकट. कावळ्यात नर-मादी सारखे दिसतात, तिथे आपण नुसतं ‘कावळा’ म्हणतो. साळुंकी, बुलबुल, यांच्या जोडनावांच्या भानगडीत आपले लोक फारसे पडले नाहीत. हा नियम मात्र सरसकट लावू नका. म्हैस-रेडा, गाय-बैल या जोड्या रूपापेक्षा गोठ्यातल्या उपयोगावरून झाल्या आहेत.

कोकिळेच्या बाबतीत मात्र भाषेने गफलत केली आहे. झाडाच्या शेंड्यावर बसून ‘कुहू कुहू’ करतो तो काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर, म्हणजे कोकिळ. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे नुसतं ‘किक किक किक’. कवितांनी आणि सत्कारसमारंभांनी सगळं गाणं मादीच्या नावावर जमा केलं. दर वर्षी कोणीतरी मला कोकिळेच्या मादीचा फोटो पाठवून ‘हा कोणता दुर्मीळ पक्षी’ म्हणून विचारतं.

या प्रकारात एक बारकावा महत्त्वाचा. जननेंद्रियांतला फरक द्विरूपतेत धरत नाहीत, तो तर नर-मादी असण्यातच आला. त्याखेरीजचे फरक, म्हणजे रंग, आकार, शिंगं, तुरा, आवाजाच्या पिशव्या, यांना लैंगिक द्विरूपता म्हणतात. मुलीच्या झुरळात नराच्या पोटाच्या टोकाला दोन बारीक काड्यांसारख्या गुदशूकिका असतात, मादीला त्या नसतात, आणि मादीचा सातवा अधर-पट्ट नावेसारखा असतो. बेडकात नराला स्वरकोश असतात आणि पुढच्या पायाच्या पहिल्या बोटावर गादी असते. परीक्षेला हेच येतं, तेव्हा ते पाठ असू दे.

पण बेडकाचं पाठ करून थांबू नका. जूनच्या पहिल्या दणकट पावसात शेतातल्या डबक्यापाशी जा. एरवी चिखलाच्या रंगाचे असणारे मोठे बेडूक, इंडियन बुलफ्रॉगचे नर, लिंबासारखे पिवळेजर्द झालेले असतात आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगत असतात. माद्या आहेत तशाच. विणीचा जोर ओसरला की पिवळा रंगही जातो. म्हणजे लैंगिक द्विरूपता बारमाही असायलाच पाहिजे असं नाही, ती चार दिवसांच्या पाहुण्यासारखीही येते. दर वर्षी त्या पिवळ्या बेडकांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि ‘विषारी बेडूक, हात लावू नका’ असा मजकूर खाली असतो. आपलेच बेडूक आहेत, नटून आलेले.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर उन्हाळ्यात दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडणारा सरडा दिसेल. निळा, काळा आणि नारिंगी असा तो पंखा फक्त नराला. २०१६ साली या सरड्यांचं नव्याने वर्गीकरण झालं तेव्हा त्यांच्या प्रजातीला नाव दिलं गेलं ‘सरडा’, चक्क आपला मराठी शब्द, आणि चाळकेवाडीच्या या जातीचं नाव झालं ‘सरडा सुपर्बा’. काळविटाचं उदाहरण सगळे देतात. तिथे एवढंच लक्षात ठेवायचं की तरुण नरही मादीसारखाच बदामी असतो आणि वयाबरोबर काळा होत जातो. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात गेलेले विद्यार्थी शिंगं असलेल्या बदामी नराला तिसराच प्रकार समजतात. तो पोरगेला नर आहे. वयामुळे होणारा बदल म्हणजे द्विरूपता नव्हे. त्याच न्यायाने बेडूकमासा आणि बेडूक ही एका जातीची दोन रूपं असली तरी त्याला रूपांतरण म्हणतात.

आकाराचा फरक पाहायचा असेल तर पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या जंगलात मोठ्या सोनेरी जाळ्यात बसलेला कोळी बघा, जायंट वूड स्पायडर. मधोमध बसलेली मादी पाय पसरले तर तळहात व्यापते. जाळ्याच्या कडेला एक इवलासा तांबूस कोळी घुटमळताना दिसेल. तो तिचं पिल्लू नव्हे की भक्ष्यही नव्हे. तो नर.

कधीकधी दोन रूपं फक्त नरांतच असतात. सुळे असलेला हत्ती आणि सुळे नसलेला मखना हत्ती, दोघेही नरच. शेणकिड्यांच्या काही जातींत लहानपणी पोटभर खायला मिळालेला नर मोठा होतो आणि त्याला लांब शिंगं येतात. उपासमार झालेला लहान राहतो आणि त्याला शिंगं जवळजवळ येतच नाहीत. शिंगवाला बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, बिनशिंगी बाजूने वेगळं भुयार काढून मादीकडे पोचतो. इथे शरीराचा आकार हळूहळू वाढत जातो, पण शिंग मात्र एका ठराविक आकारापर्यंत जवळपास नाही आणि त्यापुढे एकदम आहे. म्हणून मधली रूपं फार कमी दिसतात. माणसाच्या उंचीशी ताडून बघा. पुरुष सरासरीने उंच, पण बुटके पुरुष आणि उंच बायका भरपूर, मधली सगळी उंची भरलेली. तरीही त्याला लैंगिक द्विरूपता म्हणायची पद्धत आहे. वॉलेसच्या दुसऱ्या अटीशी हे बसत नाही आणि मला स्वतःला ते आवडत नाही, पण पुस्तकांत तसं छापलेलं असतं.

आता तुमच्या मुलीची बुरशी. हिस्टोप्लाझ्मासारख्या काही रोगकारक बुरश्या मातीत, २५ अंश सेल्सियसच्या आसपास, धाग्यांच्या जाळ्यासारख्या वाढतात, आणि माणसाच्या शरीरात ३७ अंशांना यीस्टसारख्या सुट्या गोल पेशींच्या रूपात. बुरशी तीच, जनुकं तीच. तापमान बदललं की रूप बदलतं, म्हणून तिला औष्णिक द्विरूपता म्हणतात. मॉर्मनचा कोष जागेप्रमाणे रंग बदलतो, त्याचीच ही लांबची बहीण. फरक असा की कोष एकदा हिरवा झाला की हिरवाच, बुरशी मात्र परतही फिरू शकते. मुलीने कढीपत्त्यावरचा कोष पाहिलेला असेल तर बुरशी तिला परकी वाटणार नाही.

वनस्पतींत हा शब्द आणखी दोन तऱ्हांनी येतो. प्रिम्युला या फुलझाडाच्या काही झाडांच्या फुलांत कुक्षी वर आणि पुंकेसर खाली असतात, तर दुसऱ्या झाडांच्या फुलांत बरोबर उलट. परागकण एका प्रकारच्या फुलातून दुसऱ्या प्रकारच्या फुलात जावा यासाठीची ही सोय आहे, असं डार्विनने १८६२ साली दाखवलं. आपल्या तळ्यांतल्या पांढऱ्या झालरीच्या कुमुदिनीच्या जातीतही अशीच दोन प्रकारची फुलं असतात. दुसरी तऱ्हा म्हणजे एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं. कोकणात आणि घाटात झाडांच्या खोडावर वाढणारं बाशिंग नावाचं नेचं पाहिलं असेल. त्याची काही पानं आखूड, तपकिरी, खोडाला चिकटून टोपली करणारी, ज्यात पाचोळा साठून खत होतं. बाकीची लांब, हिरवी, मागे बीजाणू धरणारी. इथे रूपं व्यक्तींची नाहीत, अवयवांची आहेत, तरी शब्द तोच.

प्रश्नपत्रिकेत शब्द दिसला की तिने स्वतःला विचारायचं, ‘ही दोन रूपं कोणाची, आणि कशामुळे?’ नर-मादी, जनुक, ऋतू, तापमान, खाणं, यांपैकी काहीतरी उत्तर निघेल आणि विशेषण आपोआप सापडेल. ओबेलिया या समुद्री जीवाची पॉलिप आणि मेडुसा ही दोन रूपं आली तर तिथे एका रूपातून दुसरं जन्मतं, म्हणून पुस्तक पिढ्यांच्या एकांतरणाबद्दल बोलतं. मुंग्या-वाळवीत राणी, कामकरी, सैनिक अशी दोनाहून जास्त रूपं, तिथे बहुरूपता. रसायनशास्त्रातही हा शब्द आहे, कॅल्साइट आणि अरॅगोनाइट हे एकाच कॅल्शियम कार्बोनेटचे दोन स्फटिक, पण तिकडे आत्ता जायला नको.

आणि घरी एवढं करा. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली की पानासकट काचेच्या मोठ्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा, रोज ताजी पानं घाला आणि लेंड्या काढून टाका. बरणीत एक हिरवी डहाळी आणि एक वाळकी खरखरीत काडी उभी करा. पाच-सहा अळ्या असतील तर दोन्ही रंगांचे कोष मिळायची बरीच शक्यता असते. फुलपाखरू साधारण दहा-बारा दिवसांत बाहेर येतं. पंख वाळेपर्यंत हात लावू नका, धड काळं आहे ना बघा, आणि मादी असेल तर तीनपैकी कोणती ते लिहा. लिंबावरची अळी असेल तर त्यातून लाइम बटरफ्लायही निघू शकतं, त्याने हिरमुसून जाऊ नका. कोणत्या कोषातून काय निघालं ते तारीख टाकून वहीत लिहायला मात्र सांगा. मी पहिल्या वर्षी ते लिहिलं नाही, आणि त्या बरणीतल्या एकुलत्या एक तपकिरी कोषातून कोण बाहेर पडलं होतं ते आज मला कितीही आठवलं तरी सांगता येत नाही.